फलकावरची लाल शाई

६ जानेवारी, सोमवार
माफ कर, वही. दिवाळीपासून तुला तोंड दाखवलं नाही. आज मात्र सांगायलाच हवं — आणि ऑफिसात कुणाला सांगता येत नाही!

काचेच्या फलकात हणमंतराव साहेबांची नवी सूचना: "नादुरुस्त खुर्च्या व कर्मचारी यांची यादी शनिवार पर्यंत पाठवावी सर्वांनी वेळेवर हजर रहावे." सकाळभर डोळ्यांत खुपत होती. जेवणाच्या सुट्टीत शिपाई मलप्पामामांकडून फलकाची चावी मागून घेतली. लाल पेन. 'कर्मचारी' 'नादुरुस्त'च्या आधी आणलं, 'शनिवारपर्यंत' जोडलं, पूर्णविराम दिला, 'राहावे' केलं. नंतर डब्यातली शिळी भाकरीसुद्धा गोड लागली.

७ जानेवारी
फलकापुढे ही गर्दी! एरवी तिकडं कुणी ढुंकून बघत नाही. लेखाविभागातला संगमेश मोठ्यानं म्हणाला, "अन् मी कशात बसतो? कर्मचाऱ्यांत का नादुरुस्तांत?" सगळे खदाखदा हसले. साहेब मागेच उभे होते.

कागद केबिनमध्ये नेऊन हळूच दाखवता आला असता. मला चूक सुधारायची होती, की साहेबांचं हसं करायचं होतं? दोन्ही. लिहून टाकलं.

८ जानेवारी
चौकशी झाली. चावी मलप्पामामांकडे, म्हणून दोषी मलप्पामामा! आठवी पास माणूस 'रहावे'चं 'राहावे' करील का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मामा माझं नाव सांगत नाहीत. मला म्हणाले, "मॅडम, तुमचं डोकं लई चालतंय. जरा हात बी आवरा की." मार्चमध्ये निवृत्ती आहे त्यांची. नोटीस निघाली तर पेन्शनचे कागद अडतील.

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले. दोनदा पाणी पिऊन परत आले.

९ जानेवारी
कमाल! मामांना द्यायच्या नोटिशीचा मसुदा तपासायला माझ्याकडेच आला. सोबत साहेबांचा निरोप: "अयोध्याताई, शुद्धलेखन तेवढं बघा. पुन्हा लोक हसायला नकोत."

अकरा चुका. दहा मुकाट्यानं काढल्या. अकरावी नावात होती. 'मलप्पा' काढून तिथं माझं पूर्ण नाव, पदासह टाइप केलं. साहेब कागद वाचत नाहीत, सही कुठं करायची एवढंच बघतात. सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारून फाइल आत पाठवली.

हा प्रामाणिकपणा की भित्रेपणा? तोंडानं बोलवेना, म्हणून कागदाला पुढं केलं.

१० जानेवारी
नोटीस मामांनीच आणून दिली. "अवो, ही तर तुमच्या नावाची हाय!"

सही आहे. पेन्सिलीची फुली मात्र खोडरबरानं पुसलेली. खाली साहेबांच्या तिरक्या अक्षरात: "पूर्ण वाचून सही केली आहे. खुलासा समक्ष आणावा."

उद्या: खुलासा लिहिणे.