आपल्या गावाला दहापैकी दहा

मांजरी, पुणे
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप तुळजाआत्या यांच्या पायांवर साईनाथचं डोकं. (ते तिथं राहू द्यायचं की नाही, हे खालचं वाचून ठरवा.) मी बरा आहे, म्हणजे ताप नाही. तुमचा गुडघा कसा आहे? शेळ्या? शेजारच्या गोदाबाईंचा खोकला थांबला का? त्यांना जपा, काढा द्या, बाहेर ओसरीवर निजू देऊ नका. (एवढ्या चौकशीला कारण आहे, पुढे येतं.) फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच शिव्या देता आणि हे सगळं एका दमात ऐकायचं आहे. शिवाय तुम्ही सरपंच, तुमच्याकडे कागद असलेला बरा.

वाघोलीचं गोदाम मी सोडलं. त्याआधी बेकरी सोडली होती. तीन वर्षांत ही सहावी नोकरी. माझं बूड एका जागी टिकत नाही, हे तुम्ही मी पाळण्यात असल्यापासून सांगताय. आता एका ऑफिसात आहे. चहा द्यायचा, झेरॉक्स काढायची, नकाशे गुंडाळून ठेवायचे. हे ऑफिस जागा शोधून देतं, पण माणसांना नाही, कचऱ्याला. साधा कचरा नव्हे. मोठ्या दवाखान्यांत कर्करोगाच्या पेशंटना किरणांची औषधं देतात, त्यांचे हातमोजे, कापूस, बाटल्या, शिवाय कारखान्यातले काही जुने भाग. त्यातून किरण निघत राहतात. अगदी थोडे निघतात, असं आमचे सर सांगतात (सांगताना खुर्ची जरा मागे घेतात). काहींचा जोर महिन्यात जातो, काहींना तीनशे वर्षं लागतात. पाच जिल्ह्यांचा असा माल एकाच ठिकाणी काँक्रीटच्या खड्ड्यात ठेवायचा आणि तीनशे वर्षं राखायचा, असा बेत आहे. आत्या, आपल्या गावात ग्रामसेवक तीन दिवस टिकत नाही.

मंगळवारी त्याची बैठक झाली. सकाळीच मला मंडईत पिटाळलं, हार आणि नारळ आणायला. (नारळ कुणी फोडायचा यावर अर्धा तास गेला. शेवटी मीच फोडला, तो नासका निघाला. तेव्हाच मी समजायला हवं होतं.) ठिकठिकाणचे पुढारी आले होते. एक म्हणाले आमच्याकडे ऊस आहे, दुसरे म्हणाले कॉलेजं आहेत, तिसरे म्हणाले फ्लॅटचं बुकिंग चालू आहे. प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं. जागांची यादी कोरी राहिली आणि सगळे जेवून गेले.

मी कप गोळा करत होतो. यादी करणाऱ्या शर्मिला मॅडम थकून बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "आपण कुठले?" आत्या, पुण्यात मला ए, अरे, शुक्‌ शुक्‌ सगळं म्हणून झालंय, 'आपण' कुणी म्हटलं नव्हतं. मी कपांसकट खुर्चीत बसलो. त्यांनी एकेक विचारलं आणि मी सांगत गेलो. विहीर माघातच आटते, बोअर चारशे फुटांवर कोरडी. एसटी फाट्यावरूनच वळते. शाळेला कुलूप. कारखाना नाही, बागाईत नाही, गावात मुलगी द्यायला कुणी तयार नाही. गाव सोडताना तुमच्याशी भांडून जी यादी म्हणून दाखवली होती ना, तीच. तीन वर्षं पाठ आहे. मॅडम प्रत्येक उत्तरापुढे हिरवी खूण करत होत्या. मला शाळेत सात वर्षांत एवढ्या खुणा मिळाल्या नव्हत्या, म्हणून मी आणखी जोरात सांगितलं.

एक अडलं. कागदावर आपली लोकसंख्या सहाशे अकरा आहे. तो आकडा आपल्याला वाचवत होता. पण मला कुठलं राहवतंय? म्हटलं, मॅडम, ती नुसती नावं, राहतात एकशे अडतीस, मी घरं मोजून सांगतो. आणि सांगितली, गोदाबाईंच्या घरापासून. शेवटचा प्रश्न होता, गावकरी विरोध करतील का. मी हसून म्हटलं, करायला आहे कोण? दहापैकी दहा. सर येऊन माझा हात हातात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी नकाशा गुंडाळताना आपल्या गावावर लाल टिकली दिसली. पूर्ण पाच जिल्ह्यांत एकच. मी धावत मॅडमकडे गेलो, म्हटलं विहिरीला पाणी आहे, शाळाही भरते, माझंच चुकलं. त्या म्हणाल्या, "एका रात्रीत विहीर भरली? मग मीच राहायला येते." (पुण्यात रागावत नाहीत, असं बोलतात.) नंतर त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, येत्या गुरुवारी अकरा वाजता पाहणीला जाणार आहोत, दीडशेच्या वर माणसं राहती दिसली तर मी स्वतः नाव खोडीन.

आत्या, मला रोज वाटायचं की आपल्या गावाला कुणी तरी निवडावं.

आपला,
साईनाथ

ता. क. गुरुवारी कुणालाही फाट्यावर जाऊ देऊ नका. चुली पेटलेल्या दिसू द्या, वाळत कपडे दुप्पट घाला, शाळेचं कुलूप काढा. गोदाबाईंना दारात बसवा, खोकल्या तरी चालेल. तेरा माणसं कमी पडतात. इकडच्या आपल्या सव्वीस पोरांना मी विचारलं. चौघे म्हणाले, गावात रेंज आली की येतो. बाकीच्यांनी विचारलं, कुठलं गाव? इंद्रजीत तेवढा येतो म्हणाला, पण तो दर वर्षी म्हणतो.

दुसरा ता. क. आणि एवढं करूनही टिकली राहिलीच, तर तिथे एक राखणदार लागणार आहे, गावातलाच. खोली देणार, लाईट देणार, त्याच्यासाठी वेगळी बोअर मारणार, रस्ताही थेट खोलीपर्यंत. नोकरी तीनशे वर्षांची, म्हणजे या खेपेला मला सोडता यायची नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावात माझं नाव घाला. कुणी विचारलं तर सांगा, गावात आता एकशे एकोणचाळीस आहेत.