चाखलेला नैवेद्य

मंगळवार, संध्याकाळ. कराड.

...सडा व्हायचा, चहा व्हायचा, मग भांडी. ह्यांचा रात्रीचा दारूचा पेला मी सगळ्यात शेवटी घासायचे, नाक मुरडून. इतकी वर्षं वास ओळखीचा, चव मात्र माहीत नाही.

उद्या ह्यांचा पितृपक्षातला पहिला म्हाळ. जावयांनी अमेरिकेहून आणलेली बर्बन व्हिस्की फोडायच्या आतच हे गेले. दुपारी दीर सांगून गेले, "वैनी, उद्या निवदाला ती बाटली ठेवा. पर आदी कुणी तोंड लावू नगा. उष्टं पोचत न्हाई."

"आवं, मी काय पिणारी हाय व्हय?" म्हटलं.

आणि आत्ता चमचाभर घेतली. का? लेबलवर बारा वर्षं मुरलेली असं आहे. मक्याची दारू, आतून जाळलेल्या लाकडी पिंपात ठेवतात, एवढं वाचलं होतं. पण चांगली की वाईट हे न कळता त्यांच्यापुढे कशी ठेवायची?

आधी जीभ भाजली. मग काकवी, मागून ते जळकं लाकूड. चार थेंब पाणी घातल्यावर भाजणं गेलं, गोडी वर आली. चांगली आहे. जळकं लाकूड अजून घशात रेंगाळतंय. ह्यांना ते आवडलं असतं का? विचारणार कुणाला...

उष्टी झाली खरी. पण माझ्या ताटात उरलेली भाकरी रोज कोण खायचं?

बुधवार. पानाशेजारी पेला ठेवला, थोडं पाणी घालून. दिरांना सांगितलं, मी चाखून ठेवली आहे.