शिकरण कोण खात होतं

इचिकावा, रविवार

प्रिय उदय,

परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, हो की नाही, तेवढं एकदा सांग," आणि मी म्हटलं, दारात कुरिअरवाला आलाय, नंतर बोलते. दारात कुणीही नव्हतं. फोन ठेवून मी ओट्याशी उभी राहिले आणि घासून ठेवलेली कढई परत घासली. तू वरच्या खोलीला रंग काढलास, दिवाळीला येशील ती कायमचीच ये म्हणालास. इकडे आमच्या घरमालकीण इशिगामी-सान यांना महिनाअखेरीला सांगायचंय की त्यांचं हे घर आम्ही विकत घेतोय की सोडतोय. अनुरागला विचारावं तर तो म्हणतो, मला दोन्ही चालेल. म्हणजे उत्तर मीच द्यायचं आणि पुढं काही बिघडलं तर तेही माझ्याच माथी. नानांच्या दहाव्याला घाटावर तू माझ्या वतीनं शब्द देऊन बसलायस, हे मी विसरलेले नाही. त्यावर येतेच. पण आधी तुला एका जनावराची गोष्ट सांगायचीय. फोनवर तू मधे मधे बोलतोस, म्हणून लिहितेय.

आमचं घर तू व्हिडिओवर पाहिलंयस. जुनं, लाकडी, दुमजली, मागं हातभर जागा आणि सिमेंटच्या ठोकळ्यांची बुटकी भिंत. जूनमध्ये वरच्या खोलीच्या छतावर आवाज यायला लागले. अनुराग म्हणाला, उंदीर. मी म्हटलं, उंदीर असा पावलं मोजत चालत नाही. ते चालणं एखाद्या जाडजूड माणसानं मोजे घालून फेऱ्या माराव्यात तसं होतं. मग छताच्या कोपऱ्यात एक पिवळट डाग उमटला आणि रोज थोडा थोडा पसरला. अनुराग म्हणाला, पाणी गळतंय. मी स्टुलावर चढून वास घेतला आणि खाली उतरून त्याला सांगितलं की हे पाणी नक्कीच नाही. मला किळस यायला हवी होती, पण खरं सांगू, मला भयंकर उत्सुकता लागून राहिली. एस.टी.च्या डेपोतून घरी आल्यावरही नाना शेजाऱ्यांचा बंद पडलेला मिक्सर उघडून बसायचे, ते खूळ तुझ्याइतकंच माझ्यातही उतरलंय. फरक एवढाच की तू विजेच्या मोटारी वाइंड करून त्यावर पोट भरतोस आणि मी नुसतीच नसत्या उठाठेवी करते.

शेजारच्याच घरात राहणाऱ्या इशिगामी-सान काठी टेकत आल्या, डाग पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, हाकुबिशिन. वय ब्याऐंशी, पण आवाजात दचका नाही. हाकुबिशिन म्हणजे आपल्या उदमांजराची चुलत बहीण समज. अंगानं लांबोडकी, शेपटी धडाएवढी, आणि कपाळापासून नाकापर्यंत गंध लावल्यासारखा पांढरा पट्टा. तळहाताएवढ्या भोकातून आत शिरते आणि घाण करायला एकच जागा ठरवते. छताखालची खोली कुणाची आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. चिडली तर असा वास सोडते की खोली सोडावी लागते. आणि गंमत ऐक, तिला हात लावायचा नाही. पकडायचं तर नगरपालिकेच्या कचेरीची परवानगी, परवानगीला अर्ज, अर्जासोबत डागाचा फोटो. आपल्याकडं असतं तर आळीतल्या चौघांनी काठ्या घेऊन दुपारपर्यंत विषय मिटवला असता, किंवा आणखी बिघडवला असता.

कचेरीनं एका माणसाचा पत्ता दिला, हीच कामं करणारा. नाव हातोरी-सान, साठीचा, पांढरे हातमोजे, आल्या आल्या बूट काढून नीट वळवून ठेवणारा. त्यानं शिडी लावली, छपराच्या कडेला भोक शोधलं आणि खाली येऊन मला विचारलं की अंगणात खाण्याजोगं काही आहे का. फळझाड? मांजराची वाटी? मी म्हटलं, छे, काही नाही. अगदी मनापासून म्हटलं. मग त्यानं एक कॅमेरा भोकाकडं तोंड करून लावला आणि दुसरा मागच्या भिंतीकडं.

पाच दिवसांनी, शनिवारी सकाळी, तो फोटो दाखवायला आला. जेवणाच्या टेबलाभोवती मी, अनुराग आणि तन्वी, शिवाय मालकीण म्हणून इशिगामी-सान. पहिला फोटो भोकाचा, त्यातून बाहेर आलेलं पट्ट्याचं तोंड. दुसरा भिंतीचा. भिंतीवर ती बसली होती, मागं दोन पिल्लं, आणि पुढच्या दोन्ही पायांत धरलेला एक कागदी द्रोण ती चाटत होती. हातोरी-सान जवळ वाकून बघायला लागला की हे कसलं भांडं. मी मान खाली घातली. निशी-कसाई या भागातल्या भारतीय दुकानातून मी शंभर द्रोणांचं पाकीट आणलं होतं, त्यातलाच द्रोण होता तो.

आता तुला सांगायलाच हवं. दहाव्याला मी न्यूमोनियानं आडवी होते. तुझ्या मित्रानं धरलेल्या फोनमधून मी प्रीतिसंगमावरचा घाट बघत होते. दीड तास कावळा शिवेना. तू हात जोडून एकेक सांगत होतास, दुकान नीट सांभाळीन, तुमची राहिलेली देवळाची देणगी देईन, तब्येतीकडं बघीन. कावळे झाडावर बसून ऐकत होते आणि एकही खाली येत नव्हता. शेवटी तू म्हणालास, "नाना, ताईला परत आणतो," आणि एक कावळा उतरला. इथं बिछान्यात मी फोन पालथा घातला. त्याच आठवड्यात इशिगामी-सान यांनी घराचं विचारलं होतं, आणि मी मनातल्या मनात हो म्हणून बसले होते.

बरी झाल्यावर कऱ्हाडला येऊन गेले, आणि मार्चमध्ये इथं परतल्यावर मी एक खुळेपणा केला. नानांना शिकरण किती आवडायचं. केळं, दूध, साखर, वर पोळीचा तुकडा, असा द्रोण भिंतीवर ठेवला आणि म्हटलं, "नाना, मी इथंच राहिले तर तुम्हाला चालेल ना?" सकाळी ठेवायची सोय नव्हती. सकाळी कचऱ्याच्या जागी सगळी गल्ली उभी असते, आणि कावळ्यांना खायला घालू नये असं तिथल्या फळ्यावर चित्रासकट लिहिलंय. इथं कचऱ्यावर जाळी टाकतात ती कावळ्यांच्याच धाकानं. म्हणून मी संध्याकाळी, भांडी आवरता आवरता ठेवायची. पहाटेचा पहिला कावळा नेईल असा हिशेब. सकाळी द्रोण लख्ख. रोज ठेवलं, रोज लख्ख. तुला घाटावर दीड तास लागला आणि मला एक दिवसही वाट बघावी लागली नाही. चार महिने मी त्या रिकाम्या द्रोणाच्या जोरावर वावरत होते. नाना हो म्हणतायत, मग उदय काय म्हणतोय त्याला किती महत्त्व द्यायचं, इथवर माझी मजल गेली होती. वाईट वाटलं ना? वाटू दे. वाटायलाच हवं.

टेबलाशी मी कबूल केलं की द्रोण माझा. तन्वी आता तेरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते, हे तुला माहीत आहे. तिनं तो फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, म्हणजे ते आजोबा नव्हते?" तिला सगळं ठाऊक होतं. खिडकीतून रोज बघत होती आणि मला लाज वाटेल म्हणून बोलली नव्हती. मी तिथंच, परक्या माणसासमोर, रडले. हातोरी-साननं हातमोजे काढले, परत घातले, आणि भिंतीकडं बघत बसला.

इशिगामी-सान यांची मी सतरा वेळा माफी मागितली. त्यांच्या घराचं छत माझ्या शिकरणानं नासलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तन्वीला म्हणाल्या की आईला नीट समजावून सांग. त्या रोज सकाळी नवऱ्याच्या फोटोपुढं वाटीभर भात ठेवतात, हे मी पाहिलंय. त्यांचं म्हणणं तन्वीनं मला सांगितलं ते असं: "तो भात दुपारी मीच खाते. ठेवला की माझं काम झालं. त्यांनी मला उत्तर द्यावं म्हणून मी ठेवत नाही." मला वाटतं, उदय, एवढ्या सौम्यपणे माझे कान आजवर कुणी उपटले नव्हते.

पुढचं काम धीराचं होतं. पिल्लं लहान असताना भोक बुजवलं तर ती आत मरतात आणि आई छप्पर फाडते, म्हणून पिल्लं आईबरोबर हिंडायला लागेपर्यंत थांबायचं. माझ्या वाट्याला आलेलं काम एकच, शिकरण बंद. ती चार संध्याकाळी भिंतीवर येऊन बसली. स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघायची, मग भिंतीचा नेहमीचा ठोकळा हुंगायची, मग परत खिडकीकडं. मी आत दिवा न लावता उभी. तिला काय वाटत असेल याचा मी फार विचार केला. केळ्याचा वास कुठून यायचा आणि का थांबला, हे तिला कुणी सांगणार नव्हतं. पाचव्या दिवशी ती आली नाही आणि मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी हे अनुरागला सांगितलं, तर तो म्हणाला, मग छतावर जाऊन भेटून ये.

सप्टेंबरात हातोरी-सान परत आला. भोकाशी पीठ पसरा म्हणाला, रोज सकाळी पावलं बघा. बाहेर गेलेली दिसली आणि आत आलेली नाही, असं सलग तीन दिवस झालं की घर रिकामं. मी तांदळाची पिठी घेतली, शिडीवर चढले आणि हात तिथंच थांबला. आई गेली तेव्हा, तिला पुढचा जन्म कशाचा मिळाला ते बघायला दिव्याखाली पीठ पसरून वर टोपली झाकली होती, आठवतं? सकाळी टोपली काढली तर पिठावर दोन बारीक रेघा. तू म्हणालास, चिमणी. आत्या म्हणाली, गाय. नानांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, मुंगळा चाललाय रे. आत्या आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. शिडीवर उभ्या उभ्या मला हसू आलं. तिसऱ्या सकाळी पिठीवर पाच बोटांची पावलं, एक मोठी आणि दोन लहान जोड्या, सगळी बाहेर जाणारी. त्यानंतर तीन दिवस पिठी कोरी. भोकाला जाळी ठोकली, छत धुतलं, डागाच्या जागी नवी फळी बसली. तिचं घर मोडलं हे खरं, पण हातोरी-सान म्हणतो की तिला दहा छपरं माहीत असतात.

आता नानांचं उत्तर माझ्याकडं नाही. ना हो, ना नाही. पहिले काही दिवस मला फार पोरकं वाटलं. मग म्हटलं, निदान आता विचार तरी स्वतःच्या डोक्यानं होईल. आणि विचार करताना मी घाटावरचा तो व्हिडिओ परत पाहिला. तुझ्या मित्रानं पाठवला होता, मी उघडायला घाबरत होते. कावळ्याकडं लक्ष न देता या वेळी मी फक्त तुझ्याकडं बघितलं. दुकानाचं म्हणालास, देणगीचं म्हणालास, तेव्हा तुझा आवाज सरळ होता. "ताईला परत आणतो" म्हणताना तो फुटला. ती नानांची इच्छा नव्हती रे, उदय. नाना तर मला विमानतळावर म्हणाले होते, तिकडं जातेस तर तिकडची होऊन राहा, दोन्हीकडं लोंबकळू नको. ती तुझी इच्छा होती. तीन वर्षं तू त्यांचं सगळं अंथरुणावर केलंस, मी आठवड्याला एकदा फोनवर तोंड दाखवलं, आणि ते गेल्यावर त्या घरात तू एकटा उरलास. 'ताई, मला एकटं वाटतं' हे तुला म्हणता आलं नाही, म्हणून तू ते नानांच्या नावावर टाकलंस; आणि 'मला इथंच राहायचंय' हे मला म्हणता आलं नाही, म्हणून मीही त्यांच्याच नावावर टाकलं. तर मी म्हणते. मला इथंच राहायचंय, हे घर आम्ही घेतोय, नाना काहीही म्हणोत. तू दिलेला शब्द ज्याच्या वतीनं दिलास त्या माणसानं परत केला असं समज. दिवाळीला मी येते, एक महिना राहते, आणि त्या महिन्यात तू मला जे म्हणायचं ते नानांना मधे न घालता म्हण. रागाव, भांड, रड. मी कुरिअरवाल्याचं नाव सांगणार नाही.

तुझीच,
ताई