खालचा कप्पा

मी, मृणाली मोरेश्वर केणे, वय एकतीस, अविवाहित, शिक्षण यंत्र अभियांत्रिकी पदविका, राहणार जुन्या मागांची गल्ली, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणी सांगितले म्हणून किंवा कोणाला भिऊन लिहीत नाही. बुद्धी जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे.

येत्या सोमवारी ठाण्याला ही झडप दुसऱ्यांदा बदलणार आहेत. शंभरातले चार जण परत येत नाहीत, असे सर्जन म्हणाले, आणि ‘चारच’ म्हणून हसले. शेजारच्या वळ गावातल्या गोदामांतले लोखंडी रॅक तपासून त्यांवर किती वजन ठेवायचे हे ठरवणे, हे माझे काम. शंभरातले चार रॅक सदोष निघाले तर मी गोदाम बंद करायला लावते. म्हणून हा कागद.

लिहिताना मधे दोनदा थांबावे लागले. दम लागतो. अक्षर बदललेले दिसले तरी हात माझाच आहे.

१. बँकेतील सर्व शिल्लक व विम्याचे पैसे माझी पुतणी नेत्रा हितेश केणे हिच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे हे तिने ठरवावे.

२. माझी मोजमापाची साधने आणि वडिलांचे पाने व हातोड्या माझी सहकारी विनिता हिला. आमच्या कचेरीत वापरलेली वस्तू पुन्हा जागेवर ठेवणारी ती एकटी आहे. वळच्या सात नंबर गोदामाचा सुपरवायझर माझ्या वजनमर्यादेच्या फलकावर रोज रेनकोट टांगतो. तो रेनकोट काढण्याचे कामही मी तिच्याकडे सोपवते. कायद्याने हे देता येत नसेल तर विनंती समजावी.

३. घराच्या कंपाउंडबाहेर रस्त्याच्या कोपऱ्यावर जी पुस्तकांची पेटी उभी आहे, तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण वाद तिचाच होणार आहे.

पेटी मी २०२२ साली बनवली. नापास झालेल्या रॅकचा पत्रा, जुन्या लूमचे दोन पाय, पुढे पारदर्शक दार, छपराला पंधरा अंशांचा उतार. आत दोन फळ्या. दारावर पाटी: ‘पुस्तक घ्या. पुस्तक ठेवा. विचारायची गरज नाही. प्रत्येक फळीवर कमाल भार २५ किलो.’

शेजारच्या आनंदीबाई तरे पाटी वाचून म्हणाल्या, “म्हंजे पुस्तक नेताना वजन करून न्यायचं काय गो?”

पावसाळ्यात गल्लीत घोट्याच्या वर पाणी येते. म्हणून पेटीच्या तळाशी मी वीतभर उंचीचा एक कप्पा रिकामा सोडला होता. तो पाण्यासाठी होता. पुस्तकांसाठी नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात त्या कप्प्यात लाल फडक्यात बांधलेली एक फाटकी पोथी सापडली. दोन दिवसांनी मिठाईच्या खोक्यात नीट घडी करून ठेवलेली कुराणाची सुटी पाने. मला वाटले, लोकांनी पेटीची कचरापेटी केली. मी दोन्ही बाहेर काढून खाली जमिनीवर ठेवली आणि कप्पा पुसायला घेतला.

आनंदीबाई धावत आल्या. “अगो, भुईवर ठेवतंस? फाटली म्हून कचरा झाली काय ती? न्हाय! घरात ठेववत न्हाय, टाकवत न्हाय, मग बाईमानसानं ठेवायची कुठं?”

समोरच्या औषधाच्या दुकानात बसणारी जैनब बुबेरे तेवढ्यात ओढणी सावरत रस्ता ओलांडून आली. तिने खोके दोन्ही हातांनी उचलले. मग म्हणाली, “इंजिनीअर मॅडम, पेटी तुझी, पण हा खालचा माळा लोकांनी घेतला. आता तुझं काय चालणार नाय.”

माझी चूक मी मान्य केली. रिकामी जागा कशासाठी आहे हे लिहिले नाही, तर लोक ती भरतात. हे मला गोदामांवरून ठाऊक असायला हवे होते.

कप्प्याला पाणी लागू नये म्हणून पेटी मी वीतभर उचलून घेतली. तेव्हापासून व्यवस्था अशी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी जैनबचा भाऊ मुख्तार पाने मशिदीत नेऊन देतो, तिथे ती स्वच्छ जागी पुरतात. आनंदीबाई पोथ्या पिशवीत घालून वज्रेश्वरीच्या एसटीने जातात आणि तानसा नदीत सोडतात. बाकीचे तिथेच राहते. एका बाईने वारलेल्या मुलाची पहिलीची वही ठेवली आहे. ती अधूनमधून येते, वही चाळते, परत ठेवते. तिला कोणीही काही विचारू नये.

४. आता माझा थोरला भाऊ हितेश याच्याविषयी.

आई-वडील दोघेही हयात नाहीत. घर, अंगण व मागच्या गाळ्याची जागा आम्हा दोघांच्या नावावर निम्मी-निम्मी आहे. हितेशचा सुताच्या वाहतुकीचा धंदा आहे. पेटी त्याच्या ट्रकच्या आड येते, असे त्याचे चार वर्षांचे म्हणणे आहे.

“मृणाली, तो खोका हलव. ट्रक वळत नाय.”

“खोका नाही, पेटी. आणि ट्रक वळतो. मी मोजले आहे. तुझा ड्रायव्हर वळवत नाही.”

“तू मोजतच बस.”

गेल्या बारा वर्षांत आमचे यापेक्षा लांब बोलणे फारसे झालेले नाही. कारण लिहिते. वडील, मोरू जॉबर, आयुष्यभर लोकांचे लूम दुरुस्त करत. शिक्षण चौथी. पण लूमच्या प्रत्येक भागाची आकृती आणि माप त्यांनी एका वहीत पेन्सिलीने काढून ठेवले होते. मी यंत्रांकडे वळले ती त्या वहीमुळे. २०१४ साली ते गेले. तेराव्यानंतर मी परीक्षेला गेले, आणि हितेशने खोली रिकामी करून माझी सगळी पुस्तके व कागद रद्दीत घातले. मी परत आले तेव्हा तो म्हणाला, “रद्दी गेली. सत्तेचाळीस किलो भरली.”

वहीसुद्धा गेली का, हे मी विचारले नाही. गृहीत धरले. न तपासता शेरा मारणाऱ्या माणसाला मी नोकरीवर ठेवले नसते.

पेटी का बनवली, असे लोक विचारतात. मी ‘पत्रा पडून होता’ असे सांगते. रद्दीत जाणारे एखादे पुस्तक तरी वाटेत अडवावे, हे खरे कारण आहे.

५. घराचा व जागेचा माझा निम्मा हिस्सा हितेश यास.

पहिल्या मसुद्यात इथे अट होती: पेटी आहे त्या जागेवरून हलवली तर हिस्सा रद्द होऊन धर्मादाय संस्थेला जाईल. वकीलबाई म्हणाल्या, “अट ठेवाच. नाहीतर बाराव्याच्या आत तुमचा भाऊ पेटी उचलेल.” त्यांचा अनुभव मोठा आहे, तरीही मी अट खोडली. कारण पुढीलप्रमाणे.

गेल्या महिन्याच्या अकरा तारखेला, माझा रिपोर्ट घरात कळल्याच्या दुसऱ्या दिवशी, खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके होते. त्याला सुताची गाठ होती. तुटलेला धागा जोडायची ती गाठ भिवंडीत हजारो लोक डोळे मिटून मारतात. पण वडील डावखुरे होते. त्यांची गाठ उलटी बसायची आणि ते टोक पुन्हा आत खोचायचे. तशी गाठ त्यांनी आम्हा दोघांनाच शिकवली. मी ती बांधली नव्हती.

आत वही होती. सगळी पाने आहेत. कव्हरला नंतर कोणीतरी प्लास्टिक चढवले आहे, तेही आता पिवळे पडले आहे.

बारा वर्षे त्याने ती सांभाळली, आणि माझ्या हातात देता येईना म्हणून, लोक न टाकवणाऱ्या वस्तू ठेवतात तिथे ठेवली. मी त्याला काही बोलले नाही. त्यानेही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तो गाळ्यासमोर ड्रायव्हरवर ओरडत होता, “पेटीला धक्का नाय लागला पायजे, जरा मागनं घे!” मी खिडकीत होते.

म्हणून अट नाही. पेटी ठेवावी की हलवावी, हे हितेशने ठरवावे. हलवायचीच झाली तर छपराचे बोल्ट तेरा नंबरच्या पान्याने उलट्या क्रमाने सोडावेत, आणि आधी आनंदीबाई व जैनब यांना सांगावे.

६. वही हितेशची आहे. एकोणिसाव्या पानावर वडिलांचे एक माप चुकले आहे. मी ते दुरुस्त केलेले नाही, त्यानेही करू नये. वही त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून, त्याच गाठीने बांधून, मी पुन्हा खालच्या कप्प्यात ठेवली आहे. घ्यायला त्याला पेटीपुढे खाली बसावे लागेल. पेटीला कुलूप नाही, नुसती कडी आहे.

मी सोमवारनंतर घरी आले, तर हे कलम मी त्याला तोंडी सांगेन. ते मला जमेल का, याची खात्री देत नाही.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुख्तार खालिद बुबेरे यांनी करावी. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंचे मत पडले. ते ऐकून जैनब म्हणाली, “मग मला काय नको देऊ. तशीही तुझी सवय आहे. सही करते मी.” सबब तिला काही दिलेले नाही. आनंदीबाईंनाही नाही, त्यांनी “अंगठा न्हाय, सही करतंय मी” एवढे नोंदवायला सांगितले, ते नोंदवले.

हे सर्व मी दोघींसमोर वाचून दाखवले. कलम सहा वाचताना थोडा वेळ थांबले. दम लागला होता. त्यानंतर मी त्यांच्यासमोर आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली.

लिहून देणार: मृणाली मोरेश्वर केणे (सही)

साक्षीदार:
१. जैनब खालिद बुबेरे (सही)
२. आनंदीबाई रघू तरे (सही)

ठिकाण: भिवंडी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६