बिनपट्टीचं मशीन

ता. ३ फेब्रुवारी

चि. घुम्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या तिकडच्या परदेशातल्या कंपनीची दोन प्रेस मशीनं आमच्या कारखान्यात आली. पाटीवरचं नाव वाचलं नि माझ्या भावाने पॅक केलीत म्हणून गावभर सांगत सुटले. आता बाया मला मशीनची आत्याबाई म्हणतात.

आमचं काम तेच, पत्र्याच्या बिजागऱ्या ठोकून काढायच्या. एका मशीनला पुढे काळी पट्टी आहे. हात आत राहिला की ते जागच्या जागी थांबतं. दुसऱ्याला पट्टीच्या जागी नुसती चार भोकं. मुकादम म्हणतो, मॉडेल वेगळं असेल. मला वाटतं तूच लावायला विसरलास; शाळेत दप्तर विसरून येणारा तूच ना. खरं काय ते कळव. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार वि. वि.

विसरलो वगैरे नाही. एवढंच कर, पट्टीच्या मशीनवर तू बस. मुकादमाशी गोड बोलून ती जागा मिळव आणि सोडू नकोस. कारण विचारू नकोस, कुणाशी बोलूही नकोस. बाकी इकडे थंडी फार, मी मजेत. माया आहे तशीच राहू दे.

तुझा घुम्या

ता. २७ मार्च

चि. घुम्यास आशीर्वाद.

तू उगीच काही सांगायचा नाहीस, म्हणून जागा मिळवली. मुकादमाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. दुसऱ्या मशीनवर बडबडी बसली. माझ्या डब्यातली भाजी हक्काने खाणारी, तीच.

सोमवारी तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी दोन हातांच्या अंतरावर होते. मुकादमाने धावत जाऊन बटण दाबलं, तोवर मशीन आणखी एकदा खाली आलं. मालक म्हणाले, बाई बेसावध होती. दवाखान्यात तिने मला विचारलं, तुझ्या भावाला काही माहीत होतं का. मी नाही म्हणाले. मी खोटं बोलले का, तेवढं लिही.

तुझी ताई

ता. ११ एप्रिल

ती. ताईस नमस्कार. कुशल विचारायलाही तोंड नाही.

तू खोटं बोललीस. मशीन तयार होतं ते पट्टीसकटच. इथल्या कारखान्यांना तसंच जातं. पट्टीविना विकलं तर मालक तुरुंगात जाईल. आपल्याकडे जाणाऱ्यांच्या पट्ट्या पॅकिंगआधी काढायच्या, माल स्वस्त पडतो. काढायचं काम माझं. पहिल्या दिवशी साहेबाला विचारलं, तर म्हणाला, तिकडे कोण मागतं? रागावलाही नाही, चहा पिता पिता सहज बोलला. मीही पान्हा उचलला. सहा वर्षं उचलतोय.

यादीत तुमच्या कारखान्याचं नाव दिसलं. एक पट्टी तशीच ठेवली. दोन ठेवल्या असत्या तर पकडला गेलो असतो. बडबडीचं वाचलं तेव्हाही आधी बरंच वाटलं गं, तू नव्हतीस म्हणून. त्याची लाज वाटते, सांगता सोय नाही. माफी मागायची हिंमत होत नाही.

घुम्या

ता. २८ एप्रिल

चि. घुम्यास,

तुझं पत्र बडबडीला वाचून दाखवलं. ती डाव्या हाताने पत्राची घडी घालायला गेली, ते तिला जमेना. मला तिच्याकडे बघवलं नाही.

रागावू तरी कुणावर? साहेबाने आपली माणसं वाचवली, तू आपलं. मीही कारण न विचारता जागा धरून बसलेच की. यादीत आणखी कारखाने होते ना? तिथल्या बायांनाही भाऊ असतील, फक्त ते तुझ्या कंपनीत नाहीत.

बडबडीच्या जागी नवी बाई आली आहे. तिला मी पट्टीच्या मशीनवर बसवलं. सोमवारपासून दुसऱ्यावर मी बसते आहे. माझ्यापुरती एक पट्टी चोरून पाठवलीस तर आल्या पावली परत पाठवीन. साहेबाकडे सगळ्यांच्या मागायच्या असतील तर लवकर माग. दिवसाला दोन हजार बिजागऱ्या काढाव्या लागतात, आणि दर खेपेला हात आत घालावाच लागतो.

तुझी ताई