पूजेच्या वेळचा फोन

अव्वा,
मी नांदेडला निघालो. आप्पा लिंगपूजेला बसले की रोज कुणाचा फोन येतो ते त्यांना कळायला पाहिजे होतं, म्हणून लिनक्सच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम बसवलाय. रजेचे दोन्ही दिवस त्यातच गेले. मोडेमची वायर काढू नको. रिंग वाजली की स्क्रीनवर नाव येतं. ताईनं स्वतःच्या मनानं लग्न केल्यापासून आप्पांपुढं तिचं किंवा तिच्या लेकराचं नाव काढायची सोय न्हाई, म्हणून तिच्या नंबरला ‘औशाचं बियाणं दुकान’ असं नाव देऊन ठेवलंय. सकाळी तू देवळात गेल्यावर ताईची रिंग आली. आप्पांनी चष्मा लावून नाव वाचलं अन् म्हणाले, "त्या दुकानदाराला विचार, लेकराचा ताप उतरला का."
संगमेश्वर