वलगावच्या लेकराच्या कपाळावरचं पाणी

२ फेब्रुवारी १८६४, अमरावती
मेणबत्त्यांचा सण. प्रार्थनेला मेणबत्त्या पेटवल्या आणि लगेच विझवल्या. वाऱ्याबरोबर कापूस आत येतो. वेदीवर, झग्यावर, वरणातसुद्धा. मठाच्या मदर म्हणतात आग लागेल. खरंच लागेल. राजापेठेकडून गाड्यांची रांग हलत नाही. लढाई अमेरिकेत, तिथला कापूस बंद, म्हणून घाम इथल्या बैलांना.

ही वही मराठीत, कारण मदर (पुढे नुसतं म.) फ्रान्सच्या, त्यांना वाचता येणार नाही. वसईला आमची शेजारीण म्हणायची, मठात गेलीस तरी तुझी जीभ काही मठात जायची नाही.

५ फेब्रु.
दवाखान्यात, म्हणजे आमच्या पडवीत, खोकणाऱ्यांची गर्दी. मराठी मलाच येतं, म्हणून दारात मीच. दुपारी वलगावची एक बाई, सगुणा. नवऱ्याबरोबर कापसाच्या गाडीवरून आलेली. मांडीवर सहा महिन्यांचा किसना. हगवण. डोळे खोल गेलेले, मान टाकलेली. औषध ओठांवरूनच परत.

"मावशी, काई तरी करा व."

काय करू? आमची रीत आहे ते केलं. कपाळावर ओली पट्टी ठेवताना तीनदा पाणी सोडायचं, शब्द ओठातल्या ओठात. झाला बाप्तिस्मा. मरणाऱ्या लेकरांना असाच देतो, आईला न विचारता. बघणाऱ्याला वाटतं ताप उतरवतायत. नाव योसेफ ठेवलं. तेवढ्यात नवरा आला, म्हणाला, "चाल, घरी तरी जाऊ दे त्याचा जीव." गेले.

संध्याकाळी म. खूश. एक देवदूत वर गेला म्हणाल्या. मी पडवीतली पट्टी धुऊन वाळत घातली.

१० फेब्रु.
राखेचा बुधवार. अकोल्याहून फादर येऊन कपाळाला राख लावून गेले. ईस्टरपर्यंतचा उपासकाळ सुरू. मी गोड सोडलं. इथे गोड असतं कधी म्हणा! योसेफसाठी प्रार्थना. मन कुठेच ठरत नाही.

२३ फेब्रु.
तो जिवंत आहे.

सगुणा आली, डोक्यावर वांग्यांची टोपली, कडेवर किसना. माझ्या गळ्यातला क्रूस त्यानं धरून थेट तोंडात घातला. "तुमी कपायाले पानी लावलं नं मावशी, तवापासूनच डोये उघडले पोट्ट्यानं. लय गुनाचं पानी हाय तुमचं."

मी हसले, रडले, वांगी ठेवून घेतली. आधी नुसता आनंद. भीती नंतर, वांगी चिरताना.

पडलेलं पाणी पुसता येत नाही. हा नियम आम्हाला पाठ. लेकरू आता चर्चचं, त्याला ख्रिस्ती म्हणूनच वाढवायला हवं. आम्ही त्याच्या मरणाची सगळी सोय केली होती. तो जगेल हे कुणी धरलंच नव्हतं.

म. नी विचारलं, वांगी कुठली? बाजारातली, म्हटलं. भर उपासकाळात खोटं.

१ मार्च
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आज वलगावच्या बाया आल्या, काखेत धडधाकट पोरं. "सगुनाच्या पोट्ट्याले लावलं ते पानी लावा."

"अगं, तुझं पोर चांगलं आहे की."

"मंग काय बिमार पडाची वाट पाहू?"

साधं पाणी लावलं. मनात चुकूनही ते शब्द येऊ नयेत म्हणून जीभ दाताखाली धरली. वळून बघते तर म. दारात. धडधाकट पोरांना पट्टी कशाला, विचारलं त्यांनी. किसना वाचला, हे सांगून टाकलं. वांग्यांचं सोडून.

म. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गुडघ्यावर बसून देवाचे आभार मानू लागल्या. मग म्हणाल्या, थोडा मोठा झाला की इथे आणू.

आणि आई, मी विचारलं.

आईलाही आणू. जणू सगुणा दारात चपला काढून उभीच आहे. राग आला, म. चा आणि माझाही. पाणी माझ्याच हातानं पडलं.

२५ मार्च
गुड फ्रायडे. फादर आले. मी कुमसाराला, म्हणजे पापांच्या कबुलीला, बसले, वांग्यांपासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाणी घातलंत त्यात पाप नाही, पण आईला कळलं पाहिजे. तिला सांगितल्याशिवाय मूल आपल्याकडे कसं येणार? ती नाही म्हणाली तर, असं मी विचारलं. जाळीपलीकडे ते उठायला लागले. मग, "ईस्टर झाल्यावर पुढच्या रविवारी येतो. तोवर सांगा."

३० मार्च
वलगावला जाऊन आले. सगुणा शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होती, किसना बाभळीला बांधलेल्या झोळीत. सगळं सांगितलं. तिनं हातातली पऱ्हाटी खाली टाकली नाही.

"मंजे तो आता तुमचा झाला?"

म्हटलं, देवाच्या दृष्टीनं...

"देवाचं राहू द्या. तुमी सांगा."

मी किसनाच्या झोळीला झोका दिला.

"मले इचारलं काहून नाई? लेकरू मरून राह्यलं होतं, मावशी. म्या कशालेबी हो म्हनलं असतं." मग पऱ्हाटीची मुळं झटकत, "त्याच्या बापाले सांगू नोका."

तरी निघताना तिनं पाणी दिलं प्यायला.

२ एप्रिल
उद्या फादर येणार. काय सांगू?

सकाळी दारात उभी होते. वलगावची गाडी आली, वर सगुणा. मी हात केला. तिनं पाहिलं. पदर ओढून किसनाचं कपाळ झाकलं आणि वरून हात दाबून धरला. त्याची मान पुन्हा तशीच पडलेली, त्या दिवसासारखी. तिच्या नवऱ्यानं आमच्या दाराशी बैल हळू केले. ती काहीतरी बोलली. गाडी पुढे गेली.

हगवणीच्या औषधाची बाटली घेऊन वेशीपर्यंत पळाले. सगळ्या गाड्या कापसानं पांढऱ्या, सगळ्या सारख्या. तिची सापडली नाही. परत आले, जेवणाची घंटा झाली, बसवत नाही. म. ना विचारलेलं नाही. पुन्हा तिला शोधायला जाते. बाटली तेवढी घेतली आहे. पाणी नको, पट्टीही नको.